स्मारकशिल्प आणि प्रदेशाचा इतिहास : क्रांती चौकाच्या निमित्ताने

१

महाराष्ट्रात भव्य स्मारकशिल्पे उभारण्याची प्रवृत्ती गेल्या काही वर्षांत बरीच बळावली आहे. तिच्यासंबंधी वृत्तपत्रांतून जी चर्चा होते ती बहुधा उंची, खर्च आणि अनावरणाचा मान या तीन बाबींपुरती मर्यादित राहते. हे शिल्प म्हणून कसे आहे, ते ज्या जागी उभे आहे त्या जागेशी त्याचे नाते काय, आणि ज्या प्रदेशाच्या इतिहासाचे ते स्मरण करून देऊ पाहते तो इतिहास त्यातून कितपत बोलतो, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. पुतळ्याविषयी टीका म्हणजे पुतळा ज्यांचा आहे त्यांच्याविषयी अनादर, असा एक समज यामागे असावा. हा समज कलेला जितका घातक आहे तितकाच तो त्या थोर पुरुषांनाही अन्यायकारक आहे. ज्यांच्याविषयी आपणांस आदर आहे त्यांचे स्मारक सामान्य दर्जाचे असून चालणार नाही, अशीच वास्तविक आपली भूमिका असावयास हवी. या भूमिकेवरून छत्रपती संभाजीनगर शहरातील स्मारकांचा, आणि विशेषतः क्रांती चौकातील अश्वारूढ शिवपुतळ्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

क्रांती चौकात शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा पूर्वीपासून होता. शहराचा विस्तार झाला, जालना रस्त्यावर उड्डाणपूल आला, आणि त्या पुलापुढे जुना पुतळा खुजा दिसू लागला. त्याची उंची वाढवावी अशी मागणी पुढे आली व अखेर २०२२ च्या शिवजयंतीच्या मुहूर्तावर नव्या पुतळ्याचे अनावरण झाले. पुण्यात घडविलेला हा ब्राँझचा पुतळा २१ फूट उंचीचा असून तो ३१ फूट उंचीच्या चबुतऱ्यावर बसविलेला आहे. दोहोंची मिळून उंची ५२ फूट होते.

या आकड्यांतच विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. चबुतरा पुतळ्याच्या जवळजवळ दीडपट आहे. म्हणजे पाहणाराच्या दृष्टीसमोर जे उभे राहते त्याचा मोठा वाटा बांधकामाचा आहे, शिल्पाचा नव्हे. कोणतीही उंच वस्तू मान फारशी न उचलता एका दृष्टिक्षेपात पाहावयाची तर तिच्या उंचीच्या सुमारे दुप्पट अंतरावर उभे राहावे लागते, हा वास्तुकारांच्या परिचयाचा नियम आहे. त्यानुसार या पुतळ्यापासून निदान शंभर फुटांवर माणसाला निवांत उभे राहता आले पाहिजे. क्रांती चौकात तितक्या अंतरावर वाहनांचा प्रवाह असतो. पादचारी जवळ येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांवर घोड्याचे पोट आणि रिकिबीतील पाऊल येते; महाराजांची मुद्रा, जी खरोखर पाहावयाची, ती त्यास दिसत नाही. पुलावरून जाणाऱ्याला ती क्षणभर दिसते, परंतु तो वेगात असतो. जुना पुतळा पुलामुळे लहान ठरला ही तक्रार खरी होती. तिच्यावर योजलेला उपाय मात्र पुलाशी स्पर्धा करण्याचा होता, पाहणाराची सोय करण्याचा नव्हता.

उंच चबुतरा हा स्वयमेव दोष आहे असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. व्हेनिस येथील व्हेरोक्किओचा कोलेओनी हा जगातील श्रेष्ठ अश्वारूढ पुतळ्यांपैकी एक. तो उंच बैठकीवरच आहे. परंतु त्याची घडणच खालून पाहणाऱ्या डोळ्यासाठी झालेली आहे : खांद्याचा पीळ, मानेचे वळण, चेहऱ्यावरील खोल रेषा ही सर्व त्या उंचीचा हिशोब करून आली आहेत. उलट रोमच्या कॅपिटोल टेकडीवर मार्कस ऑरेलियसचा प्राचीन पुतळा मायकेल अँजेलोने मुद्दाम ठेंगण्या बैठकीवर बसविला. त्या पुतळ्याची उंची जेमतेम चौदा फूट आहे. परंतु अवघे प्रांगण त्याच्याभोवती रचलेले असल्यामुळे तो लहान वाटत नाही. तात्पर्य, भव्यता ही फुटांत मोजावयाची वस्तू नसून शिल्प, बैठक आणि मोकळी जागा यांच्या परस्पर प्रमाणात ती वसत असते.

३

हे तत्त्व आपल्याकडील शिल्पकारांना अवगत नव्हते असे नाही. विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर (१८९१–१९६७) यांनी पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलसाठी केलेला अश्वारूढ शिवपुतळा १९२८ साली उभा राहिला. उंची सुमारे साडेतेरा फूट. तो मुंबईच्या माझगाव गोदीत एकसंध ओतला गेला, आणि एवढे मोठे ओतकाम देशातच पार पडावे ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. या पुतळ्याचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. शिवछत्रपतींची जी अश्वारूढ प्रतिमा आज मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर सहजगत्या उभी राहते, तिच्या जडणघडणीत या कृतीचा वाटा मोठा आहे. प्रवासातील घोड्याचे शरीर आणि स्वाराचा तोल यांचा तेथे एक मेळ आहे. घोडा हे नुसते वाहन राहत नाही.

यानंतरचा टप्पा सदाशिव साठे यांचा. गेटवे ऑफ इंडियासमोरील त्यांचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरच्या पहिल्याच प्रजासत्ताक दिनी, अनावृत झाला. राजसत्तेच्या स्वागतासाठी बांधलेल्या कमानीसमोर स्वराज्याच्या संस्थापकाने उभे राहावे यात एक ऐतिहासिक उत्तर आहे, आणि ते एका अक्षरावाचून दिले गेले आहे. येथे जागेची निवडच अर्थ निर्माण करते. तत्पूर्वी ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते प्रतापगडावरील पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचा लढा ऐन भरात होता व त्या समारंभासच एका राजकीय प्रसंगाचे रूप आले होते. स्मारके इतिहासाविषयी असतात तशी ती स्वतःही इतिहास होतात, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे.

या मालिकेत आपल्या शहराशी निकट संबंध असलेले एक नाव राम सुतार यांचे होय. धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे १९२५ साली जन्मलेल्या या शिल्पकाराने १९५४ ते १९५८ या काळात पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत, तेव्हाच्या औरंगाबाद येथे राहून, अजिंठा व वेरूळ येथील शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले. पुढे गांधीसागर धरणावर त्यांनी चंबळ नदीचे ४५ फुटी शिल्प घडविले. मध्य प्रदेश व राजस्थान या दोन राज्यांची दोन बालके जवळ घेतलेली माता, असे त्याचे स्वरूप आहे. एका प्रदेशाचे जीवन व्यक्तीच्या पुतळ्यावाचून, एका रूपकात साकार करता येते याचा हा नमुना होय. त्यांचेच नाव पुढे २०१८ साली गुजरातेत उभ्या राहिलेल्या १८२ मीटर उंचीच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याशी जोडले गेले, आणि सर्वसामान्यांच्या मनात उंचीचा आकडा तेवढा राहिला. चंबळेचे शिल्प फारसे कोणाच्या स्मरणात नाही. आपल्या कालखंडाच्या अभिरुचीविषयी ही गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते.

४

वेरूळचा उल्लेख आलाच आहे, तर त्याविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे; कारण भव्य शिल्पाचा विचार ज्या शहरात करावयाचा त्याच्यापासून अवघ्या काही कोसांवर त्या विषयाचा सर्वश्रेष्ठ पाठ खडकात कोरलेला आहे. राष्ट्रकूट नृपती पहिला कृष्ण याच्या नावाशी निगडित असलेले कैलास लेणे आठव्या शतकातील. डोंगर वरून खाली कोरीत आणून मंदिर मोकळे करण्यात आले. मागील बाजूस हा छेद शंभर फुटांहून अधिक खोल आहे. येथे भव्यता काही रचून वर चढविल्याने आलेली नाही. अनावश्यक ते काढून टाकल्याने आलेली आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे तेथील जोते. मंदिराचा सर्व भार हत्तींच्या व सिंहांच्या रांगेने पाठीवर तोलून धरला आहे असे ते दृश्य आहे. म्हणजे ज्या भागास आज आपण चबुतरा म्हणून कंत्राटदाराच्या हवाली करतो, तो भाग तेथे स्वतःच शिल्प आहे, आणि वरच्या वास्तूचे वजन पाहणाराच्या अंगावर रोमांच उभे करील अशा रीतीने तो प्रकट करतो. दक्षिणेकडील कैलास हलविणाऱ्या रावणाचे शिल्पही जोत्याच्याच पातळीवर, प्रेक्षकाच्या नजरेच्या टप्प्यात आहे. ज्या कारागिरांना शंभर फुटांची उंची सहज साध्य होती, त्यांनी आपले उत्कृष्ट नाट्य माणसाच्या उंचीजवळ आणून ठेवले, ही गोष्ट आजच्या योजकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

५

आता पुन्हा क्रांती चौकाकडे वळू. या चौकास ‘क्रांती’ हे नाव का, असा प्रश्न तेथून रोज जाणाऱ्या किती नागरिकांना पडत असेल, याची शंका आहे. १८५७ च्या जून महिन्यात येथील छावणीतील हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळात उठावाची चिन्हे दिसू लागली. दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढण्यास आपणांस नेण्यात येणार, या वार्तेने शिपाई अस्वस्थ झाले होते. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज येऊन पोहोचली, उठाव मोडण्यात आला, आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना देहान्त शासन झाले. काहींना तोफेच्या तोंडी देण्यात आले. या शिक्षांची आठवण ज्या स्थळाशी निगडित आहे त्यास ‘काळा चबुतरा’ असे म्हणतात, आणि ते स्थळ याच चौकात आहे.

म्हणजे या एका चौकात दोन चबुतरे आहेत. एक ३१ फुटांचा, सुशोभित, रात्री प्रकाशाने उजळणारा. दुसरा ठेंगणा, काळा. त्याच्यावर पुतळा नाही. पहिल्यावर ज्यांचा पुतळा आहे त्यांचे नाव महाराष्ट्रातील प्रत्येक बालकास ठाऊक आहे. दुसऱ्याशी ज्यांचा मृत्यू निगडित आहे ते सामान्य घोडेस्वार होते, आणि चौकाला नाव मिळाले ते त्यांच्या मरणामुळे, अशी स्थानिक परंपरा आहे. प्रदेशाच्या इतिहासाचे स्मारक या दृष्टीने विचार केला तर या दोहोंपैकी अधिक स्थानिक, अधिक या मातीतला चबुतरा कोणता, हे सांगावयास नको.

येथे कोणी म्हणेल की, शिवछत्रपतींचा या प्रदेशाशी संबंध नाही असे सुचविण्याचा हा प्रयत्न आहे. तसे मुळीच नाही. भोसले घराण्याचे वेरूळशी असलेले नाते सर्वश्रुत आहे, आणि मराठवाड्याच्या मनात महाराजांचे जे स्थान आहे त्यास कोणा टीकाकाराच्या दाखल्याची आवश्यकता नाही. मुद्दा निराळा आहे. मोठ्या स्मारकाने त्याच आवारातील लहान स्मारकाला आपल्या छायेत घ्यावे, झाकून टाकू नये. नव्या चबुतऱ्याच्या आखणीत त्या घोडेस्वारांसाठी एक उठावशिल्प, निदान एक वाचनीय कोरीव लेख, यांना प्रमुख स्थान मिळाले असते तर स्वराज्यासाठी घोड्यावर बसलेला राजा आणि परसत्तेविरुद्ध उठलेले घोडेस्वार यांच्यात एक संवाद निर्माण झाला असता. इतिहासाने अशी संधी फार थोड्या चौकांना दिलेली असते.

मुंबईचे एक उदाहरण येथे बोधप्रद आहे. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली त्याच्या जागेवरून हलविण्यात आला व पुढे भायखळ्याच्या उद्यानात गेला. परंतु ‘काळा घोडा’ हे नाव लोकांनी सोडले नाही. अखेर २०१७ साली त्या ठिकाणी स्वार नसलेला एक काळा घोडा पुन्हा उभा करण्यात आला. तेथे पुतळा गेला, नाव राहिले, आणि नावाने पुतळ्यास परत बोलाविले. आपल्याकडे नाव आहे, स्थळही आहे. दोहोंचा अर्थ मात्र पुसट होत चालला आहे.

६

या शहरातील इतर स्मारकांकडे पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते : लोकांच्या मनात खोल रुजलेली स्मारके उंचीमुळे रुजलेली नाहीत. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसविली. १६१२ चा भडकल दरवाजा हा त्याने मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ बांधला असे मानले जाते. तसे असेल तर तो या शहरातील आद्य विजयस्मारकांपैकी एक ठरतो, आणि त्यात कोणाचीही मूर्ती नाही. त्याच दरवाजाजवळ आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा असून १४ एप्रिलला तेथे जनसमुदाय लोटतो. चार शतकांच्या अंतराने आलेल्या दोन स्मृती तेथे एकमेकींना न झाकता शेजारी नांदत आहेत.

विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराचे उदाहरण याहूनही बोलके आहे. १९७८ साली विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर अत्याचार झाले, माणसे मारली गेली, आणि सोळा वर्षांच्या संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. हे द्वार मुळात एका संस्थेचे प्रवेशद्वार; परंतु दरवर्षी १४ जानेवारीला दूरदूरच्या गावांहून माणसे येतात व त्याच्यापुढे नतमस्तक होतात. जेथे किंमत चुकविली गेली आहे, तेथे साध्या कमानीसही स्मारकाची प्रतिष्ठा लाभते. उलट जेथे लोकस्मृती जागी नाही तेथे ब्राँझचे वजन वाढवून ती निर्माण करता येत नाही.

याची प्रतीती मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या स्मारकांवरून येते. निजामी राजवटीविरुद्धच्या या लढ्याचा शेवट १७ सप्टेंबर १९४८ रोजी झाला. सिद्धार्थ उद्यानातील हुतात्मा स्मारकात दरवर्षी त्या दिवशी ध्वजारोहण होते. परंतु उरलेले दिवस उद्यानात आलेल्या माणसाला त्या स्मारकापासून काय कळते? स्तंभ उंच आहे, आकार शुद्ध आहे. मात्र तो कोणत्याही लढ्याचा असू शकेल. १९८० नंतरच्या काळात राज्यभर सुमारे दोनशे हुतात्मा स्मारके एकाच नमुन्याबरहुकूम बांधली गेली, त्यांच्याविषयीही हेच म्हणावे लागते. हेतू उदात्त होता. पण प्रत्येक गावाचे बलिदान वेगळे असता स्मारक सर्वत्र एक, या विसंगतीमुळे गावाला ते आपले वाटले नाही, आणि जे आपले वाटत नाही त्याची निगाही राहत नाही.

मुक्तिसंग्राम हा प्रामुख्याने सामान्यांचा लढा होता. स्वामी रामानंद तीर्थ व गोविंदभाई श्रॉफ यांचे नेतृत्व थोर होते, हे खरेच. पण १९४६ साली मारले गेलेले बिलोली भागातील गोविंदराव पानसरे आणि शस्त्र हाती घेणाऱ्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या माणसांवाचून त्याची कथा पुरी होत नाही. अशा सामूहिक घटनेचे शिल्प कसे असावे याचे एक भारतीय उदाहरण आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पाटण्याच्या सचिवालयावर ध्वज लावण्यासाठी निघालेले सात विद्यार्थी गोळीबारात मारले गेले. देवीप्रसाद रायचौधुरी यांनी त्यांचा जो शिल्पसमूह घडविला तो त्याच ठिकाणी १९५६ मध्ये अनावृत झाला. त्यात एकही प्रख्यात पुरुष नाही. पडणारी, सावरणारी, पुढे सरकणारी मुले आहेत. रोदँच्या ‘कॅलेचे नागरिक’ या समूहशिल्पाचाही विशेष हाच. ते जमिनीलगत असावे, नगरातील माणसांनी त्यांच्यातून चालावे, असा विचार रोदँच्या मनात होता. मराठवाड्याला असे एकही समूहशिल्प मिळू नये ही उणीव केवळ कलेची नाही. आपण आपल्या लढ्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले याची ती निशाणी आहे.

७

शेवटी व्यवहाराचे दोन शब्द. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावृत झालेला शिवपुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष जोडकाम ही कारणे पुढे आली. २०२५ मध्ये त्याच जागी नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला. नवे बांधकाम मजबूत असेल. पण घाईतून झालेल्या अपघाताचे उत्तर पुन्हा उंचीच्याच भाषेत दिले गेले, याची नोंद करणे टीकाकाराचे काम आहे. ब्राँझचा पुतळा ही सहा महिन्यांत आटोपण्याची गोष्ट नव्हे. माती, साचा, मेण, ओत, जोड आणि सफाई यांपैकी प्रत्येक टप्प्यास स्वतःचा वेळ लागतो. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात बाराव्या शतकात मेणाच्या ओतकामाची प्रक्रिया पायरीपायरीने सांगितलेली आहे. ज्या दख्खनेत हे शास्त्र लिहिले गेले तेथे त्याच्या वेळापत्रकाची तरी बूज राखली जावी.

आज पुतळ्याच्या मातीच्या नमुन्यास कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. ही व्यवस्था योग्यच आहे. परंतु तो नमुना शिल्पशाळेत तपासला जातो, चौकात नव्हे. ओतकामापूर्वी त्याची पूर्णाकृती हलकी प्रतिकृती प्रत्यक्ष जागी काही दिवस उभी करून सर्व दिशांनी, पायी चालणाऱ्याच्या नजरेने पाहिली जावी. निवड समितीत शिल्पकाराबरोबर स्थानिक इतिहासाचा अभ्यासक असावा. आणि स्मारकाच्या अंदाजपत्रकातच त्याच्या निगेची व कोरीव लेखाची तरतूद असावी. या तिन्ही गोष्टींना येणारा खर्च चबुतऱ्याच्या काही फुटांहून अधिक होणार नाही.

क्रांती चौकातील पुतळा आता उभा आहे, आणि तो तेथे दीर्घकाळ राहणार आहे. त्याची उंची कमी करावी असे कोणी सुचविणार नाही. परंतु त्याच्या परिसरात काळ्या चबुतऱ्याला आणि १८५७ च्या त्या घोडेस्वारांना त्यांचे स्थान देणे अद्यापि शक्य आहे. त्यासाठी क्रेनची आवश्यकता नाही. एक चांगला दगड, एक जाणता कारागीर आणि काळजीपूर्वक लिहिलेल्या दहा ओळी पुरेशा आहेत. तेवढे झाले तर महाराजांच्या पुतळ्याची उंची एका इंचानेही न वाढता तो चौक अधिक मोठा होईल.